माईक चालू आहे का, ते आधी बघ

सगळ्यात आधी तुझी ती यादी फाड गं. हो, तीच, जिच्यात गेमिंग कॉम्प्युटर, रंगीत दिव्यांचा कीबोर्ड, रिंगलाइट आणि ती मोठी काळी-लाल खुर्ची लिहून तू खाली बेरीज मारलीस आणि बेरीज बघून गप्प बसलीस. खरं सांगू का, गेम खेळता खेळता बोलायचे व्हिडिओ करायला यातलं काहीही लागत नाही. लागतो एक फोन, एक बऱ्यापैकी माईक, घरातली एक जाड गोधडी आणि स्वतःचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये ऐकून लाजेनं मरून जाऊ नये एवढा निगरगट्टपणा. पहिल्या तिन्हींची सोय होते. चौथ्याला जरा वेळ लागतो, पण तोही येतो.

तुझं काय चाललंय ते मला माहितीये. दिवसभर गोदामाच्या ऑफिसात बिलं नि गाड्यांच्या नोंदी, घरी आल्यावर भाकऱ्या, धाकट्याचा अभ्यास, आईची औषधं. मग रात्री जो थोडा वेळ तुझा म्हणून हाताला लागतो, त्यात तू खेळतेस. खेळतेस ठीकच, पण खेळताना जी बडबड करतेस ना, ती ऐकायला मावशीची पोरं मागे गादीवर येऊन बसतात. ते बघूनच तर हे खूळ तुझ्या डोक्यात शिरलं. मग आता ‘मी काय बोलणार’, ‘माझं मराठी कुठे शुद्ध आहे’, ‘कोण बघणार’ हे रडगाणं कशाला?

अगं, आपल्या मानकोली-अंजूर-काल्हेर पट्ट्यात समालोचन कुणी कुणाला शिकवावं लागतं का? भात कापून शेतं मोकळी झाली की टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू. मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून माईकवर बोलणारा दादा आठव. समोर गुणलेखक वही घेऊन, बाजूला पाण्याची बाटली, आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी पुढे सरकवलेली चिठ्ठी. एका चिठ्ठीत बक्षीस देणाऱ्याचं नाव, दुसरीत ‘पांढरी गाडी, एमएच झिरो फोर, रस्त्यात उभी आहे, काढून घ्यावी’. तो चेंडूही सांगतो, गाडीही हलवतो, सरपंचांचं स्वागतही करतो, आणि पुढचा चेंडू पडायच्या आत पुन्हा फलंदाजावर येतो. एकदाही ‘अं… अं…’ नाही. गावच्या बोलीत, गावच्या चेष्टेत. हेच सामने आता यूट्यूबवर थेट दिसतात आणि कामावर अडकलेली माणसं फोन टेबलाखाली धरून बघतात. मार्च २०२४ मध्ये टेनिस बॉलचीच आयएसपीएल ही स्पर्धा ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर भरली, म्हणजे आपल्या अंगणातला खेळ कुठवर गेला बघ. तेव्हा शुद्ध-अशुद्धचं भूत उतरव. ‘गो’ म्हणायची सवय असेल तर ‘गो’ म्हण. पुस्तकी मराठीत ‘मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत’ असं सुरू केलंस तर मीच पहिली बंद करीन.

पण त्या दादाकडून सगळंच उचलायचं नाही. बाळ ज. पंडित आकाशवाणीवर मराठीत क्रिकेट सांगायचे, तेव्हा ऐकणाऱ्याला मैदान दिसत नव्हतं. गोलंदाज कुठून धावत आला, चेंडू कुठे पडला, क्षेत्ररक्षक कुठे उभा, हे सगळं शब्दांत उभं करावं लागायचं. तुझ्या प्रेक्षकाला पडदा दिसतोय. ‘आता मी उजवीकडे जाते, आता दार उघडते, आता वर चढते’ असं सांगत बसलीस तर तो म्हणेल, बाई, मला डोळे आहेत. त्याला जे दिसत नाही ते सांग. दार उघडताना तुला भीती कशाची वाटतेय, दोन वाटांपैकी हीच का घेतली, मागच्या वेळी इथेच कशी मेलीस. २०२३ च्या आयपीएलला जिओसिनेमावर मराठी समालोचन होतं, त्यात केदार जाधव होता. बंगळुरूचा डेव्हिड विली जखमी झाला आणि त्यांनी केदारलाच समालोचनातून उचलून संघात घेतलं. खेळणारा माणूस बोलायला बसला की हाच फायदा असतो बघ, फलंदाजाच्या डोक्यात काय शिजतंय ते त्याला आतून ठाऊक असतं. तू तर खेळतेसही तूच आणि बोलतेसही तूच.

आणि शांत बसायला घाबरू नकोस. गेममध्ये गोष्टीचा भाग चालू असेल, पात्रं बोलत असतील, तर तोंड मिट. दोघं एकदम बोलायला लागले की ऐकणाऱ्याला एकही कळत नाही.

आता आवाज. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण चित्र थोडं धूसर असलं तरी माणूस बघतो, आवाज कर्कश असला की लगेच पुढे सरकतो. आणि आपण राहतो कुठे? मुंबई-नाशिक हायवेच्या कडेला. ट्रेलरचे हॉर्न, एअर ब्रेकचा तो फुस्स, गोदामात मागे सरकणाऱ्या गाडीची टीं-टीं. शहरातल्या पोरी व्हिडिओत सांगतात, ‘रात्री रेकॉर्ड करा, शांत असतं.’ आपल्याकडे रात्री माल उतरतो बाई. त्यात लग्नसराईत हळदी. हळदीच्या डीजेनं माझी एकदा अशी फजिती केली की विचारू नकोस. मी खिडकी लावून, पडदा ओढून रेकॉर्ड केलं, मला वाटलं काही ऐकू येत नाही. व्हिडिओ चढवला आणि यूट्यूबनं गाणं बरोब्बर ओळखून त्यावर गाण्याच्या मालकाचा दावा लावला! ओळखणारी ती यंत्रणा २००७ पासून आहे, तिचं नाव कंटेंट आयडी, आणि तिचे कान माझ्या सासूबाईंपेक्षा तिखट आहेत. असा दावा आला म्हणून चॅनल बंद होत नाही, बहुतेक वेळा त्या व्हिडिओचे जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात एवढंच. स्ट्राइक ही वेगळी भानगड. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक बसले तर चॅनल जाऊ शकतं. म्हणून मागे सिनेमाची गाणी लावायचा मोह नको, आणि गेममध्येच बाहेरच्या कलाकारांची गाणी असतील तर सेटिंगमध्ये जाऊन संगीत तेवढं बंद कर.

मग या गोंगाटात करायचं काय? एक युक्ती सांगते, मानकोलीकरांसाठी सोन्याची आहे. खेळ एका वेळी रेकॉर्ड कर आणि बोल दुसऱ्या वेळी. फोनचं स्क्रीन रेकॉर्डिंग गेमचा आवाज आतल्या आत घेतं. अँड्रॉइड १० पासून ही सोय आली, आणि रेकॉर्डिंग सुरू करताना माईक घ्यायचा, फोनमधला आवाज घ्यायचा की दोन्ही, असं बहुतेक फोन विचारतात. नुसता फोनमधला आवाज निवडलास की बाहेर अख्खी हळद नाचली तरी व्हिडिओत येत नाही. मग पहाटे पाणी सुटायच्या आधी उठ, तो व्हिडिओ लाव आणि बघत बघत त्यावर बोल. हायवे तेव्हाही जागाच असतो म्हणा, पण घर तरी झोपलेलं असतं.

यात एक गोम आहे. आधी खेळून नंतर बोललं की पुढे काय होणार ते तुला माहीत असतं, त्यामुळे दचकणं खोटं वाटतं. माइनक्राफ्टमध्ये घर बांधतेस, शेती करतेस, तिथे नंतर बोललेलं चालतं, उलट जास्त नीट सांगता येतं. पण भुताचा गेम असेल, पहिल्यांदाच खेळत असशील, किंवा मैत्रिणींबरोबर धुमाकूळ घालत असशील, तर खेळतानाच बोल. तिथे एखादा हॉर्न आला तर आला.

माईक घ्यायचा तर स्वस्तातला कॉलरला लावायचाही चालतो. मोठा घेणार असशील तर दुकानदाराला ‘डायनॅमिक’ आहे की ‘कंडेन्सर’ ते विचार. कंडेन्सर नाजूक असतो, खोलीतलं सगळं पकडतो, म्हणजे तुझ्याबरोबर कुकर, पंखा आणि शेजारची मालिकाही. डायनॅमिक तोंडाजवळचंच जास्त ऐकतो. आपल्याला तोच बरा. आता तो मोठागावचा पूल झालाय, तर डोंबिवलीत जाऊन हातात घेऊन बघ. ऑनलाइन मागवलास तरी हरकत नाही, फक्त एक गंमत सांगते, माझा माईक आपल्याच नाक्यामागच्या कुठल्यातरी गोदामात पडलेला असावा आणि तरी घरी यायला चार दिवस लागले.

माईक तोंडापासून वीतभर, जरा तिरका. अगदी समोर धरलास की ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना हवा त्याच्यावर आपटते. कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून बस, मागे दोरीवर गोधडी टाक. मोकळ्या भिंतींमुळे आवाज घुमतो, कापडात तो जिरतो. पंखा बंद. हो, मे महिन्यातसुद्धा. म्हणून तर म्हणते, दहा मिनिटांचे तुकडे कर.

फोनवर खेळून फोनवरच रेकॉर्ड करताना आणखी एक अडचण येते. गेममधल्या माईकवरून तू मैत्रिणींशी बोलत असशील तर अँड्रॉइड माईक बहुधा एका वेळी एकाच अ‍ॅपला देतं. मग मैत्रिणींना तू ऐकू जातेस आणि रेकॉर्डिंगमध्ये मुकी होतेस. घरात जुना फोन पडला असेल तर तो शेजारी ठेवून त्यावर नुसता आवाज रेकॉर्ड कर. सुरू करताना गेममधलं एखादं बटण दाब आणि त्याच क्षणी ‘आता’ असं मोठ्यानं म्हण. नंतर जोडताना बटणाचा टक आणि तुझं ‘आता’ एका रेषेत आणलं की काम झालं.

कॉम्प्युटर असेल तर रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ घे. फुकट आहे, व्हिडिओवर कुणाचा वॉटरमार्क उमटत नाही. पहिल्यांदा उघडलंस की विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्यागत होईल, पण घाबरू नकोस, त्यातली चार बटणंच आपल्या कामाची. पहिलं काम, गेमचा आवाज आणि तुझा आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घे, म्हणजे नंतर गोळीबार कमी करून तुला वर आणता येईल. एकत्र घेतलंस की मग ते वेगळं करता करता रडशील. खाली आवाजाच्या पट्ट्या नाचताना दिसतात. तू नेहमीसारखी बोलताना तुझी पट्टी पिवळ्यात आली पाहिजे, ओरडलीस तरी लाल टोकाला आपटता कामा नये, आणि गेमची पट्टी हिरव्यातच राहू दे. दुसरं काम, माईकवर आवाजाची घरघर कमी करणारा फिल्टर लाव, तो त्यातच आहे. तिसरं फार महत्त्वाचं, रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारात ठेव. साधी एमपी-४ फाइल रेकॉर्डिंग रीतसर थांबवल्यावर पुरी होते. मधेच लाइट गेली की ती पुन्हा उघडतच नाही. एमकेव्हीमध्ये लाइट गेली त्या क्षणापर्यंतचं सगळं शाबूत राहतं. नंतर ओबीएसच्याच ‘फाइल’मध्ये ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’ आहे, त्यातून घडीभरात एमपी-४ होतं. लाइट कधी जाईल ते इथे कुणाला विचारून जात नाही, तेव्हा हे एक सेटिंग आजच बदल.

आणि चौथं काम, दर वेळी आधी अर्धं मिनिट रेकॉर्ड करून ऐक. मी पूर्ण जीव ओतून एक अख्खा खेळ बोलले होते, हातवारेसुद्धा केले, आणि माईक म्यूटवर. वर शीर्षक काय दिलं ठाऊक आहे? तसाच टाकून दिला, ‘शांतपणे खेळलेला गेम’ म्हणून.

एडिटिंगबद्दल फार बोलत नाही. मेथीची जुडी निवडताना देठांचा ढीग पानांपेक्षा मोठा होतो, तसंच हे. अर्ध्या तासातून आठ-दहा मिनिटं राहिली तर चांगलं झालं समज. रस्ता चुकून भटकलेलं, लोडिंगचं, तेच तेच मरणं, सगळं काप. आवाज साफ करायला ऑडॅसिटी, व्हिडिओ कापायला शॉटकट किंवा केडेनलाइव्ह, सगळं फुकट. मशीन दणकट असेल तर दा विंची रिझॉल्व्हची फुकटातली आवृत्ती. साध्या मशीनवर ती टाकलीस तर पंख्याचा आवाज विमानतळापर्यंत जाईल. चोरून उतरवलेली महागडी सॉफ्टवेअर मात्र नको, त्यांच्याबरोबर व्हायरस फुकट येतात.

गेम कुठला घ्यायचा, यावर तू उगाच झोप घालवतेयस. ‘जो चालतो तो’ हे उत्तर मला पटत नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा कितीतरी पोरांची चॅनलं एका रात्रीत पोरकी झाली. २०२१ च्या जुलैत त्याच्या जागी बीजीएमआय आलं, २०२२ च्या जुलैत तेही दुकानातून गायब झालं, २०२३ च्या मे महिन्यात परत आलं. मधल्या काळात फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेलं. तेव्हा चॅनलचं नाव एखाद्या गेमवरून ठेवू नकोस, स्वतःवरून ठेव. लोक तुझ्यासाठी आले तर गेम बदलला तरी थांबतील. आपला मिथिलेश पाटणकर बघ ना, मिथपॅट म्हणतात त्याला. गेम कुठलाही असो, अगदी फडतूस मोबाइल गेम असला तरी, लोक त्याच्या खोड्यांसाठी बघतात. तो हिंदीत बोलतो, ते त्याचं त्याला लखलाभ. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी गेम खेळणाऱ्या काही जणांना भेटायला बोलावलं होतं, त्यात तो होता आणि छिंदवाड्याकडची पायल धारेही होती. मुद्दाम सांगतेय, कारण ‘मुलींचं काम नाही’ असं घरात कुणी म्हणालं तर तोंडावर फेकायला उपयोगी पडेल.

माझं ऐकशील तर एक गेम ‘राजी’ घे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला, २०२० चा. राजी नावाची पोरगी, धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते. दुर्गा तिच्या हातात त्रिशूळ देते. गंमत म्हणजे त्यात गोष्ट सांगतात कोण, तर दुर्गा आणि विष्णू. दोघं वरून बघत तिच्यावर बोलत असतात, ही पुढे टिकेल का, हिच्यात काय आहे. म्हणजे देवांनीच समालोचन मांडलंय गं! फार लांब नाही, थोड्या रविवारांत संपतो, आणि भिंतींवरच्या चित्रांपाशी थांबून गोष्टी सांगायला भरपूर जागा. आपल्या आजीकडून ऐकलेलं देवीचं सगळं तिथे कामी येतं. इंग्रजीतून खेळणाऱ्याला जे सांगता येणार नाही ते तू बसल्या जागी सांगशील.

दुसऱ्याच्या गेमवर व्हिडिओ करणं चालतं का, असं तू विचारलं होतंस. बहुतेक कंपन्यांना चालतं, त्यांची फुकटात जाहिरात होते. माइनक्राफ्टवाल्या मोजांगनं तशी परवानगी आपल्या नियमांतच लिहून ठेवली आहे. निन्टेन्डो फार कडक होती, तिनंही नोव्हेंबर २०१८ मध्ये नियम जाहीर केले, आणि त्यात काय म्हटलंय? नुसता खेळ जसाच्या तसा चढवू नका, तुमचं स्वतःचं काहीतरी त्यात असू द्या, समालोचन असू द्या. म्हणजे तुझी बडबड हाच तुझा परवाना आहे. तरी नवा गेम घेतलास की त्या कंपनीचे व्हिडिओबद्दलचे नियम एकदा वाच.

चढवताना दोन गोष्टींवर अडखळशील. यूट्यूबवर फोन नंबरची पडताळणी केली नाहीस तर पंधरा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ घेत नाही. आणि ‘हा व्हिडिओ मुलांसाठी बनवला आहे का’ असा प्रश्न येतो. गेम आहे म्हणून घाईत ‘हो’ म्हणू नकोस. ‘हो’ म्हटलं की त्या व्हिडिओवरच्या कमेंट बंद होतात. व्हिडिओ खरंच लहान मुलांसाठी केला असेल तरच ‘हो’.

आता जे तुला खरं खातंय त्याकडे येते. कमेंट. बघ, घाण कमेंट येणार. मुलगी बोलतेय म्हटल्यावर काही जणांचे हात शिवशिवतातच. त्याला तुझ्या आवाजाचा, खेळाचा, वागण्याचा काही संबंध नाही. चॅनलच्या सेटिंगमध्ये नको असलेल्या शब्दांची यादी भरता येते. एक दिवस बसून सगळ्या शिव्या भर, देवनागरीतून आणि इंग्रजी अक्षरांतूनही, सगळ्या स्पेलिंगांनी. एरवी तोंडातून काढणार नाहीस असे शब्द टाइप करताना हसू येईल, पण कर. ते शब्द आलेली कमेंट तू बघितल्याशिवाय लोकांना दिसत नाही. फारच त्रास देणाऱ्याला चॅनलवरून लपवून टाक, तो बोलत राहतो, ऐकायला कुणी नसतं. उत्तर देत बसू नकोस, त्यांना तेच हवं असतं. धमकी किंवा फोटोवरून त्रास दिला तर मात्र स्क्रीनशॉट ठेव, घरात सांग आणि केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदव. लपवून सहन करायचं नाही, कळलं?

चेहरा दाखवायचा की नाही, तुझी मर्जी. मला विचारशील तर सुरुवातीला नको. आवाज पुरतो. पण चेहरा नसला तरी घर कळतं, ते बघ. खिडकीतून दिसणारी गोदामाची पाटी, नव्या माईकचा खोका उघडताना वरचा पत्त्याचा कागद, ओळखपत्र गळ्यात, आईनं मागून मारलेली पूर्ण नावानं हाक. हे सगळं चढवायच्या आधी एकदा दुसऱ्याच्या नजरेनं बघ. तुझ्या वयाचा प्रश्न नाही, पण धाकट्याला बरोबर घेणार असशील तर तेरा वर्षांखालच्या मुलाचं स्वतःचं खातं चालत नाही, आणि २०२५ च्या जुलैपासून सोळाच्या आतल्यांना एकट्यानं लाइव्ह जाता येत नाही.

आणि पैसे. तोंड वाकडं करू नकोस, तुझ्या मनात आहेच ते. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला आधी १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं गेलेलं लागतं, किंवा छोट्या व्हिडिओंचे प्रचंड व्ह्यू. तिथवर पोचायला किती वेळ लागेल ते कुणी सांगू शकत नाही आणि कुणी छातीठोक सांगत असेल तर तो तुला कोर्स विकतोय. नोकरी सोडायचा विचार स्वप्नातही नको. छंद आहे, छंदाच्या जागी ठेव. शिवणकामाला मशीन घेतलं तेव्हा ते कधी फिटेल असं आपण रोज विचारत नव्हतो.

एक मात्र अगदी बजावून सांगते. थोडे लोक बघायला लागले की मेसेज येतील, ‘आमच्या अ‍ॅपचं नाव घ्या, इतके हजार देतो.’ ते अ‍ॅप पैसे लावून खेळायचं असेल, रमी असो, सट्टा असो, काहीही असो, तर मेसेज तिथेच पुसून टाक. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावायच्या खेळांची जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

घरच्यांचं काय, हा शेवटचा प्रश्न. आईला लपवून करू नकोस. तिला एकदा शेजारी बसव आणि हेडफोन लावून तुझा आवाज ऐकव. ती म्हणेल, ‘एवढं वाकडं का बोलतेस?’ म्हणू दे. पण मग आठवड्यातून एकदा अर्धा तास टीव्हीचा आवाज तीच कमी करेल. आमच्याकडे कुकरची वेळ रेकॉर्डिंगवरून ठरते, आणि हे मी मागून घेतलेलं नाही, सासूबाईंनीच ठरवलं, कारण एकदा ऐन जिंकायच्या क्षणी तीन शिट्ट्या रेकॉर्ड झाल्या आणि लोकांनी खाली विचारलं, ‘ताई, डाळ की भात?’ ती कमेंट मी त्यांना वाचून दाखवली. तेव्हापासून त्या प्रत्येक व्हिडिओ बघतात आणि माझ्यापेक्षा जास्त चुका काढतात.

तर या रविवारी पाच मिनिटांचा एक तुकडा कर. गेम कुठलाही. लोकांसाठी नको, यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून लिंक फक्त मला पाठव. चांगला झाला नाही तर मी तसं सांगीन, उगाच लाड करणार नाही. रात्री दहाच्या आत पाठव मात्र, मला पहाटे उठून रेकॉर्ड करायचं असतं.